बुवांची पट्टी

पट्टी म्हटलं की आमच्या वयाच्या लोकांना आधी हाताची बोटं आठवतात. लाकडी, एक फुटी, उभी धरून मारली की डोळ्यात पाणीच. दुसरी पट्टी पेटीची, आणि ती मला शाळेतल्या पट्टीच्याही आधी माहीत झाली, कारण आमच्या वाडीतले भजनी बुवा काळी तीनमधे गातात हे आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं, जसं कोणाच्या गोठ्यात किती म्हशी हे ठाऊक असतं ना, तसं. काळी तीन म्हणजे नेमकं काय ते कोणी सांगितलं नव्हतं (पेटीची तिसरी काळी पट्टी, तिचा सूर सा धरून गायचं, आणि पट्टी जितकी वरची तितका आवाज चढवावा लागतो). काहीतरी भारी असणार एवढंच, कारण सांगणारा माणूस सांगताना स्वतःची मान ताठ करायचा.

मी सहावी-सातवीत असताना बुवांच्या कोरसला बसायचो. कोरस म्हणजे मागची रांग, बुवा चरण टाकतात तो आपण उचलायचा, टाळ वाजवायचा आणि गजर चढायला लागला की घसा फाटेपर्यंत ओरडायचं. गणपतीत रात्री सात-आठ घरं व्हायची आणि प्रत्येक घरी काही ना काही खायला, त्यात एका घरी काळ्या वाटाण्याची उसळ असायची जिच्यासाठी मी खरं म्हणजे भजनात होतो. दुसऱ्या वर्षी बुवांनी मला काढलं. माझा टाळ पुढे पळतो म्हणाले. काढलं म्हणजे टाळ काढून घेतला, उसळीला यायची मुभा होती, बुवा तसे मोठ्या मनाचे.

बुवा तरुणपणी परळला गिरणीत होते, वाडीच्याच खोलीत बाकीच्या गाववाल्यांबरोबर राहायचे आणि पेटी तिथेच शिकले. एकजण झोपलेला, एकजण पाळी संपवून आलेला, आणि कोपऱ्यात हे भाता हलवतायत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तो काही संपला नाही, मग बुवा पेटी घेऊन गावी आले ते आलेच. कोकणातल्या भजनाचा अर्धा इतिहास असा लालबाग-परळच्या खोल्यांमधून फिरून आलाय आणि त्यावर कोणीतरी नीट लिहायला पाहिजे, मी नाही, माझा टाळ पुढे पळतो.

डबलबारी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दोन बुवा, दोन मंडळी, समोरासमोर. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग, गौळण, गजर, मधे एकमेकांना चिमटे, त्याने काढलेल्या प्रश्नाला याने उत्तर द्यायचं, आणि पहाट होते तरी लोक हलत नाहीत. गावात बोर्ड लागतात 'जंगी सामना' म्हणून, हल्ली तर 'ट्वेंटी-ट्वेंटी' आणि 'तिरंगी'सुद्धा असतं, क्रिकेटवाल्यांना यातलं काही माहीत नसावं. या सगळ्यात पट्टी म्हणजे इज्जत. समोरच्याने वरची पट्टी धरली आणि तुम्ही खाली बसलात तर शब्द कितीही चांगले असोत, मागच्या रांगेतून कोणीतरी बोलतोच, बुवा आज खाली दिसतत.

आणि आमचे बुवा गेली वीस वर्षं खाली येतायत.

एकदम नाही आले. मुंबईकर मंडळी गणपतीला वर्षातून एकदाच ऐकतात म्हणून त्यांच्या लक्षात यायचं, आम्हाला नाही, जसं रोज बघणाऱ्याला पोर वाढलेलं कळत नाही. काळी तीनवरून पांढरी चार, मग पांढरी तीन, मग काळी दोन. त्या काळी दोनवर बुवा बरीच वर्षं ठाण मांडून बसले. दात गेले, कवळी आली, काळी दोन तीच. पट्टी उतरली की पखवाजही बदलावा लागतो हे मला तेव्हा कळलं, कारण पखवाजाची उजवी, काळ्या शाईची बाजू गाणाऱ्याच्या सुराला लावलेली असते आणि ती ओढून ओढून किती खाली-वर करणार, खालच्या सुराला तोंड मोठं लागतं. त्यामुळे बुवांच्या पडवीत काळी तीनचा जुना पखवाज खुंटीला टांगलाय. त्याला कापडाची खोळ आहे. बायको म्हणते काढा तो, उंदीर होतील. बुवा काढत नाहीत.

तर यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बाजूच्या गावात बीचवर म्युझिक फेस्टिवल भरलं. वाळूत स्टेज, लायटिंग, मोमोचा स्टॉल, सोलकढी छोट्या काचेच्या ग्लासात ऐंशी रुपयांना (मी प्यालो, पातळ होती, नारळ वाचवलेला). मुंबईचा एक बँड मुख्य आणि त्याच्या आधी 'लोककला' म्हणून आमचे बुवा. आयोजक मुलगा चांगला होता, वाकून नमस्कार वगैरे केला, आणि म्हणाला, काका तुम्हाला बारा मिनिटं. बारा मिनिटांत बुवांची पेटी उघडून होते. शेवटी बँडबरोबर मिळून एक गजर करायचा असं ठरलं होतं, त्याचा ट्रॅक लॅपटॉपवर तयार होता, बुवांच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर आधीच कळवलेलं, आजोबा काळी दोन.

पाच वाजता साउंड चेक. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात दोन मार्कांना पाठ केलेत, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. पाच वाजता खाऱ्या वाऱ्याचा जोर असा होता की माईकमधे नुसतं घर्रर्र. साउंडवाला पोरगा वैतागून माईकला स्पंजच्या टोप्या घालत होता आणि बुवा शांतपणे खुर्चीत बसून बघत होते.

मला बघायला आवडला तो पखवाजवाला. बुवांच्या बहिणीचा नातू, इंजिनिअरिंगला आहे. त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात गव्हाचं पीठ, पाण्याच्या बाटलीतलं पाणी घालून तिथेच स्टेजच्या पायरीवर कणीक मळली, चपातीपेक्षा थोडी सैल. मग पखवाज मांडीवर आडवा घेऊन डाव्या पुडीच्या, म्हणजे चामड्याच्या तोंडाच्या, मधोमध गोळा थापला, अंगठ्याने कडेने दाबत दाबत पसरवला, थाप मारली, ऐकलं, चिमूटभर काढली, परत थाप. त्या कणकेशिवाय डावीकडून तो घुमारा निघत नाही. काढलेली चिमूट त्याने बाजूला वाळूत टाकली आणि बीचवरचं एक पिवळं कुत्रं, जे इतका वेळ मोमोच्या स्टॉलपाशी होतं, ते इकडे येऊन बसलं ते पुढचा सगळा कार्यक्रम हललंच नाही.

कणीक लागली, उजवी बाजू काळी दोनला मिळाली, सगळं झालं, आणि मग भाषणं सुरू झाली. भाषणांचं मी काही सांगत नाही. सूर्य गेला, वारा पडला, खुर्च्यांवर हात ठेवला तर ओल लागायला लागली. बुवांना बोलवेपर्यंत पावणेनऊ. स्टेजवर बसून पेटीची काळी दोन दाबली आणि पखवाजावर थाप पडली, तर तो कुठल्या कुठे. चामडंच ते, समुद्राची दमट हवा पिऊन चार तासांत सैल पडलं. पोरगा हातोडी घेऊन वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकायला लागला, समोर पब्लिक मोबाइल वर धरून तयार, आयोजक घड्याळ बघतोय, ठोक ठोक ठोक, वर चढतोय आणि दोन थापांत परत उतरतोय.

बुवा वाकून त्याला म्हणाले, "रवांदे रे, मारू नको. तो खाली इलो तर आपण खाली जावया."

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं, हसले.

आणि बुवांनी बोट सरकवलं. पांढरी दोन. नातवाचा चेहरा मी बघत होतो, त्याला कळलं काय झालं ते, मलाही कळलं. बाकी हजारेक माणसांना काहीच कळलं नाही आणि कळायचं कारणही नव्हतं. गंमत अशी की बुवांचा आवाज त्या पट्टीत असा मोकळा सुटला की मला वाटलं हे गेली चार-पाच वर्षं काळी दोनमधे उगाच टाचा वर करून उभे होते. वरच्या सुराला गेले की मानेची शीर फुगायची ती फुगली नाही. गौळणीत एका जागी ते थांबले आणि चक्क हसले, आणि कवळीतून हसू नीट येत नाही हे मला माहितीये, तरी हसले.

मग बँडची मुलं आली. की-बोर्डवाला मुलगा, कानात बाळी, त्याचा ट्रॅक काळी दोनचा. त्याला कोणीतरी खुणेने सांगितलं की आजोबा अर्ध्या सुराने खाली आहेत. तो म्हणाला दोन मिनिटं काका, लॅपटॉपवर काहीतरी केलं, की-बोर्डचं एक बटण दाबलं आणि झालं. सगळा बाजा एका झटक्यात पांढरी दोनवर. बुवा त्या बटणाकडे बघतच राहिले.

"ह्यां बटण माका आधी कोणी दिल्यान नाय," म्हणाले.

पेट्यांमधे पण स्केल चेंजर असते, पट्ट्यांची अख्खी रांग सरकवायची, म्हणजे बोटं जुन्या सवयीने तिथेच फिरतात आणि सूर खाली-वर होतो. बुवांची पेटी साधी आहे, परळची. पेटी या वाद्यालाच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती, कारण काय तर तिचे सूर ठरलेले, दोन पट्ट्यांच्या मधलं तिला काही वाजवता येत नाही. मी हे एकदा बुवांना मोठ्या हुशारीने सांगितलं होतं. ते म्हणाले, मधलो सूर गळ्यात आसता, पेटीत कित्याक होयो? आता विचार केला तर वाटतं, बुवांचा आजचा खरा आवाज कदाचित पांढरी दोन आणि काळी एकच्या मधे कुठेतरी असेल, आणि ते बिचारे रोज दोहोंपैकी एका घरी पाहुणे म्हणून जात असतील.

गजर सुरू झाला तेव्हा बारा मिनिटांची कधीच चाळीस झाली होती. आयोजकाने घड्याळ बघणं सोडून दिलेलं. लय दुप्पट झाली, ड्रमवाला मुलगा मजेत, पखवाजवाला नातू घामाघूम, पुढच्या पर्यटक बायका टाळ्या वाजवतायत, बऱ्याच जणींच्या टाळ्या पुढे पळत होत्या, मला बरं वाटलं. आणि बरोबर दहाला साउंडवाल्याने सगळं बंद केलं, रात्री दहानंतर लाउडस्पीकरला परवानगी नाही, कडेला दोन पोलीस उभेच होते. एकदम शांतता. फक्त लाटा.

आता मला खात्री होती की बुवा माईकशिवाय गाणार. हजार माणसं श्वास रोखून आहेत, पहिल्या रांगेत मोबाइल वर, असं सगळं जमून आलेलं. बुवांनी पेटीचा भाता मिटला, कडी लावली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि नातवाला विचारलं, "जेवाण खय आसा रे?"

जेवण स्टेजच्या मागे होतं. भात, माशाचं कालवण, आणि पनीर, पनीर का होतं माहीत नाही. कुत्र्याला पुडीवरून खरवडलेली कणीक मिळाली.

परत येताना रिक्षात आम्ही तिघं. नातू पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर, मागे मी, बुवा, आणि मधे चादरीत गुंडाळलेला पखवाज. रस्ता अंधारा, मी गप्प. मला विचारायचं होतं की आता गणपतीत पांढरी दोनच का, मुंबईकर काय म्हणतील, पण धीर होईना. थोड्या वेळाने लक्षात आलं की बुवा गुणगुणतायत, तोंड बंद ठेवून, अगदी बारीक.

"आता कुठली पट्टी, बुवा?" मी विचारलंच.

"गाडीची."

मी कान दिला. खरंच, रिक्षाच्या इंजिनाचा जो एक सलग सूर लागला होता त्याच्यातच ते बसले होते. पुढे घाटी लागली, ड्रायव्हरने गिअर बदलला, इंजिन एकदम गुरगुरलं आणि आवाज बदलला. बुवा क्षणभर थांबले, खाकरले, आणि नवीन सुरात पुढचा चरण उचलला.