एका कोंबडीचं औषध

‘वैनी, एवढ्या पैशात दुसरी कोंबडी येती की!’ कंपाउंडरपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलं. येत असेल. पण माझी गिरिराज जातीची कोंबडी अंडी देत होती, चरत होती, नुसती एका पायानं लंगडत होती.

आम्ही कराडजवळ ओगलेवाडीला राहतो. पावसाळ्यात परसात चिखल हटत नाही. तिच्या तळव्याच्या मधोमध काळी टणक खपली धरली होती, भोवतीनं गाठ. डॉक्टर लोक याला बंबलफूट म्हणतात. काटा-खडा रुतून किंवा उंचावरून धपकन उतरून तळवा फाटतो आणि बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जंतू आत शिरतात. वजनदार कोंबड्यांना हे जास्त होतं. कोमट पाण्यात एप्सम मीठ टाकून पाय बुडवणं, बीटाडीन, पट्टी हे घरी जमलं. सासूबाईंनी हळद भरली. वरून सुकायचं, गाठ तशीच.

म्हणून डालगं उचलून सरकारी दवाखान्यात गेले आणि तिथंच अडकले. खोड्यात म्हैस, मागं दोन गाई, एक शेळी. माझ्यामागून आलेलं कुत्र्याचं पिल्लू आधी आत गेलं. माझी पाळी आली तर साहेब व्हिजिटला गेलेले. पुढच्या वेळी विचारणा झाली, ‘शेडमध्ये पक्षी किती?’ म्हटलं, परसातल्या सात-आठ आहेत, आजारी एकच. ‘मग लसीकरणाला आणा.’ अहो, जखमेला लस कसली? तरी केसपेपर निघेना. बाकावर बसून बसून माझी पाठ दुखली आणि डालग्यातल्या बाईसाहेबांनी तिथंच अंडं घातलं. ते मात्र सगळ्यांनी कौतुकानं बघितलं!

पोल्ट्रीच्या दुकानात वेगळाच घोळ. पावडरीचा पुडा मोठा, मात्रा शंभर पक्ष्यांमागे, तीही पिण्याच्या पाण्यातून. एकीला किती, विचारलं तर दुकानदार ‘चिमूटभर घाला’ म्हणाला. अँटिबायोटिक चिमटीनं? पुडा तिथंच ठेवला.

शेवटी बदलून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘वजन किती?’ तेव्हाच ओळखलं, हा माणूस कामाचा. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर आधी डालग्यासकट आणि मग नुसतं डालगं तोललं. पक्ष्यांचा पू पातळ होऊन वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो, हे त्यांनीच सांगितलं. म्हणून वरच्या मलमानं भागत नाही. जागा बधिर करून त्यांनी खपली काढली, आतला पिवळट गोळा ओढला, सलाइननं धुतलं, गॉज भरून पट्टी बांधली आणि वजनाप्रमाणे औषध लिहून दिलं.

पुढं निवांत. आठवड्यांचं काम आहे, घाई करू नका. पट्टी ओली झाली की बदलायची. बोटं मोकळी ठेवा. सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली समजा. पट्टी करायला अंधार पडल्यावर धरा, तेव्हा ती गप्प असते. टॉवेलात गुंडाळून डोकं झाका, पण छाती दाबू नका, तिला श्वास घेता येत नाही. हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही लागतात. औषध चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तोवर अंडी खाऊ नका. आम्ही ती पुरून टाकली, सासूबाई हळहळल्या. ब्लेड घेऊन घरी चिरायच्या भानगडीत पडू नका आणि बधिर करायचं क्रीम आपल्या मनानं लावू नका, पक्ष्यांना जास्त झालं तर विषारी ठरतं.

खुराड्यातली दांडी आम्ही गुडघ्याएवढी खाली घेतली, धारदार कडा तासून गोल केल्या. ओलं तूस काढून कोरडं टाकलं. दुसऱ्या पायाचा तळवाही बघत राहा, सगळा भार त्याच्यावर येतो.

हां, १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, तो मला उशिरा कळला. फोन केलात तर सुरुवातीलाच कोंबडी म्हणून सांगा आणि वजन करून ठेवा.