बापाच्या वाटचं बोलणं

इस्त्रीला कपडे घेतले की मी यूट्यूब लावतो आणि पुढचं त्याच्यावर सोडून देतो. परवा दुपारी असंच काहीबाही वाजत असताना टॉम टी. हॉल या अमेरिकन कंट्री (तिकडच्या खेड्यापाड्यांतलं संगीत) गायकाचं ‘होमकमिंग’ लागलं. १९६९चं गाणं. साधी चाल, आणि गातोय की बोलतोय कळू नये असा सपाट आवाज. शर्टाची एक बाही झाली होती, दुसरी राहूनच गेली.

पुष्कळ वर्षांनी मुलगा बापाला भेटायला आलाय. गावोगाव गात फिरणारा मुलगा. कळवून यायला हवं होतं म्हणतो, पण तुमच्याकडे फोन आलाय हेच ठाऊक नव्हतं. गुरांनी छान अंग धरलंय. ही अंगठी होय, मेक्सिकोतली, फार महाग नाही. नाही हो, गुत्ता नाही म्हणत त्याला, नाइट क्लब म्हणतात. आई गेली तेव्हा पोचता आलं नाही. आत्ता तिच्या थडग्यावरूनच आलो, दगड सुरेख आहे. गाडीत झोपलीय ती? माझ्याकडे गिटार वाजवते. बरं, निघतो, रात्री कार्यक्रम आहे. नंबर सांगा, फोन करीन.

संपलं. अख्ख्या गाण्यात बाप एक अक्षर बोलत नाही, आणि तरी त्याचा प्रत्येक प्रश्न ऐकू येतो.

लहानपणी आमच्या गल्लीत फोन आमच्याकडेच होता. लोकांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर असायचा, पुढे ‘पी. पी.’. हाक मारली की समोरच्या काकू पदराला हात पुसत धावत यायच्या आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायच्या. आम्ही पोरं वहीत डोकं खुपसून कान तिकडे. “हो.” “कधी?” “मग भाऊजी काय म्हणाले?” मग बराच वेळ काहीच नाही. “पैशांचं बघू हो, तुम्ही आधी जेवून घ्या.” फोन ठेवून काकू म्हणायच्या, सगळं ठीक आहे. आजी काही न विचारता चहाचं आधण ठेवायची. पलीकडून काय सांगितलं असेल ते रात्री अंथरुणात आम्ही भावंडं जुळवत बसायचो. माझं जुळवलेलं सगळ्यांत भयंकर असायचं. काकूंचं खरं काय झालं होतं, ते आजतागायत मला माहीत नाही.

तर हॉल. केंटकीतल्या ऑलिव्ह हिलचा, जन्म १९३६चा. सैन्यात होता, रेडिओवर होता, मग १९६४मध्ये नॅशव्हिलला जाऊन दुसऱ्यांसाठी गाणी लिहू लागला. लोक त्याला ‘द स्टोरीटेलर’ म्हणत. खरं नाव झालं ते ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’मुळे. १९६८मध्ये जीनी सी. रायलीनं ते गायलं आणि पॉप व कंट्री, दोन्हीकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्यांत ते पहिलं आलं. आखूड झगे घालता म्हणून शाळेच्या पालक-शिक्षक संघाची चिठ्ठी आलेली एक विधवा आई मिनीस्कर्ट घालूनच सभेत जाते आणि एकेकाचं नाव घेऊन लफडी बाहेर काढते. मला ते जरा टाळ्याखाऊ वाटतं. अर्थात सगळ्यांना आवडलेलं मला आवडायला जड जातं, ही खोड जुनीच.

माझं लाडकं ‘बॅलड ऑफ फॉर्टी डॉलर्स’. दफनभूमीतला एक कामगार लांबून अंत्ययात्रा बघतोय. गाड्या, नातेवाईक, दिसायला बरी विधवा, सगळ्यावर त्याची शेरेबाजी चाललेली. देव त्याला शांती देवो म्हणतो, आणि मग शेवटी मुद्द्यावर येतो: मेलेला माणूस याचे चाळीस डॉलर देणं लागत होता. मृत्यूवरच्या गाण्यात उधारीचा आकडा घालायला धाडस लागतं. आपल्याकडे तेराव्याच्या पंगतीत असे हिशेब पुष्कळ ऐकू येतात, पण गाण्यात नाही.

हॉल २०२१मध्ये गेला. त्याचं एक गाणं मात्र मी इस्त्री करताना लावत नाही. ३० डिसेंबर १९७० रोजी केंटकीत हायडनजवळच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ३८ माणसं मेली. हॉल तिथे जाऊन आला आणि ‘ट्रिप टू हायडन’ लिहिलं. कुणाला दोष देत नाही, गळा काढत नाही, नुसता बघ्यासारखा हिंडतो. शेवटी एक बाई त्याला म्हणते, जिवंत होते तेव्हापेक्षा आता त्यांची किंमत जास्त आहे. तिनं नीट सांगितलं, असं म्हणून तो गाणं तिथेच सोडतो.