गिटार विकली एका संध्याकाळी, पाठवायला लागले अकरा दिवस

बेळगावातून स्वतःची वापरलेली पण किमती वस्तू परराज्यात पाठवणार असाल तर बाकीचं नंतर वाचा, आधी हे लिहून घ्या: केंद्रीय जीएसटी नियमांतला नियम १३८, त्याचा चौदावा पोटनियम, त्याला जोडलेलं परिशिष्ट, नोंद क्रमांक ७. 'वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तू'. यांना ई-वे बिल (माल वाहून नेताना जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागत नाही, किंमत ५०,००० रुपयांच्या वर असली तरी. तो कागद छापून घ्या, त्या ओळीखाली रेघ मारा आणि मगच काउंटरवर जा. मी ९ जूनला हा कागद न घेता गेले. गिटार हलली २० जूनला.

गिटार क्लासिकल, नायलॉनच्या तारांची. बंगळूरच्या एका कारागिराने हाताने केलेली. ऑर्डर दिल्यावर सात महिने थांबले होते. पुढची फळी अखंड स्प्रूस लाकडाची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. आपल्या दक्षिणेतली ही शिसवी जगभरचे गिटार करणारे मागवतात, हे मला ती घेताना कळलं आणि फार बरं वाटलं होतं. वाद्यात दोष काहीच नव्हता. दोष मापाचा होता. तिची स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, नेहमीची ६५० मिलिमीटर, गळ्याची रुंदी नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) ५२, आणि माझा पंजा लहान. दीड वर्ष रेटून वाजवलं, मग डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. कॅम्पातले माझे सर म्हणाले, हात मोडून घेऊ नका, ६३० ची घ्या. दोन गिटारी ठेवण्याएवढा शाळेतल्या शिक्षिकेचा पगार नसतो.

विकणं सोपं गेलं. इथे शहरात मात्र कुणी नीट किंमत बोलेना. सात-आठ हजारांत नवी गिटार मिळते, मग जुनीला बारा हजार पुष्कळ झाले, असं दोघांनी सांगितलं. त्यांचंही चुकत नाही, दुकानातल्या स्वस्त गिटारीची फळी प्लायची असते आणि ती बघून अखंड लाकडाची किंमत समजत नाही. फळी पातळ करायची, आतून पंख्यासारख्या काड्या चिकटवायच्या, बोटांनी ठोकून आवाज ऐकत पुन्हा तासायची, हे सगळं हातानेच होतं. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या आंतोनियो द तोरेसने जो आकार आणि काड्यांची जी मांडणी पक्की केली, त्याच वाटेने आजही बहुतेक कारागीर जातात. पुण्यात कोथरूडला राहणारा एक तरुण सहा वर्षं शिकत होता, त्याला हे वेगळं सांगावं लागलं नाही. त्याने फोनवर विचारलं ते एवढंच: बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) तारांची उंची किती? मी मोजपट्टी लावून सांगितलं, सहाव्या तारेखाली ४, पहिलीखाली ३ मिलिमीटर. खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो पाठवले, पडद्यांवरच्या बारीक खुणाही लपवल्या नाहीत. मला ९५,००० ला पडलेली ६८,००० ला ठरली. ३०,००० आगाऊ, बाकीचे गिटार हातात आल्यावर तीन दिवस वाजवून बघून.

मग पॅकिंग. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाका, सकाळी पुण्यात, असं शेजारच्या काकांपासून सगळ्यांनी सुचवलं. डिकीत वर काय पडेल याचा नेम नाही आणि पावती कुणी देत नाही, म्हणून मी ऐकलं नाही. त्याऐवजी एका रविवारी मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीतले लोक भोपळ्याच्या तंबोऱ्यापासून सतारीपर्यंत सगळं देशभर पाठवतात, त्यांच्याइतकं हे कुणाला कळणार? एका वयस्क कारागिराने चहा पाजून शिकवलं. तारा पूर्ण उतरवायच्या नाहीत, दोन स्वर खाली आणायच्या. गळ्याच्या टोकाखाली केसमध्ये घडी केलेलं सुती कापड, म्हणजे ते लोंबकळणार नाही. तारा आणि पडदे यांच्यामध्ये जाड कागद. 'बाहेरचा खोका फुटला तरी चालेल बाई, आतलं वाद्य हलता कामा नये.' आणि पावसाळ्यात पिंजर अजिबात घालायचं नाही, ते ओल धरतं. मी खानापूरहून भाताचं पिंजर आणवणारच होते.

आता ते ऑफिस. शहरातल्या एका ट्रान्सपोर्टचं, नाव लिहीत नाही. शाळा साडेचारला सुटते, काउंटर सहाला बंद, मध्ये पाऊस आणि रिक्षात आडवा न मावणारा खोका. पहिल्या दिवशी खोका घेऊन गेले. काउंटरवरच्याने माप घेतलं, ११५ बाय ५२ बाय २८. गुणाकार करून ५००० ने भागलं आणि साडेतेहतीस किलो लिहिलं. खरं वजन नऊ किलो. मोठ्या हलक्या खोक्याचे पैसे असेच लावतात, ते मी मान्य केलं. मग त्याने हात पुढे केला.

'बिल्ल?'

'दुकानाचा माल नाही दादा. माझी स्वतःची आहे, वापरलेली.'

'अक्कार, बिल्ल इल्लांद्र आगूदिल्लरी.'

बिलाशिवाय होणार नाही. कारागिराची पावती दाखवली. ती तुमच्या नावावर आहे, पुण्याच्या पार्टीच्या नावाचं बिल पाहिजे. किंमत ५०,००० च्या वर, म्हणजे ई-वे बिल पाहिजे. ई-वे बिल म्हणजे जीएसटी नंबर पाहिजे. माझ्याकडे नंबर कुठून असणार? मी व्यापारी नाही. हे मी मराठीत सांगितलं, मग मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. माझ्यामागे पाच माणसं उभी होती. तेव्हा तो खाली वाकून अगदी आपुलकीने मराठीत म्हणाला, 'मॅडम, किंमत पाच हजार टाका की. आत्ता पावती करतो.'

मी नाही म्हटलं. खरं म्हणजे तिथेच सगळं मिटलं असतं. पण वाटेत गिटार फुटली तर कागदावर लिहिलेल्या किमतीच्या वर एक रुपया मागता येत नाही. शिवाय माल पुण्याच्या मुलाचाही होता, त्याचे तीस हजार माझ्या खात्यात होते. त्याच्याशी एक किंमत आणि पावतीवर दुसरी, हे मला जमणार नव्हतं. मुलांना रोज गणित शिकवते मी. 'मग नाळे बर्री,' तो म्हणाला. उद्या या. खोका परत घरी.

उद्याला साहेब हुबळीला. परवा साहेब आले होते आणि निघून गेले होते. चौथ्या दिवशी मला वाटलं, सगळं सविस्तर लिहून दिलं तर शंका राहणार नाही. म्हणून फॉर्मवर वस्तूच्या रकान्यात पूर्ण वर्णन लिहिलं: हाताने केलेली क्लासिकल गिटार, पुढे स्प्रूस, पाठ आणि बाजू शिसवी. ही माझी मोठी चूक. तुम्ही अजिबात करू नका. 'वापरलेली क्लासिकल गिटार, केससह' एवढंच लिहा, ते खरंही आहे आणि पुरेसंही. त्याने ते वाचलं, शेजाऱ्याला दाखवलं, आणि शेजारी म्हणाला, 'बीटे?' बीटे म्हणजे शिसवी. खानापूरच्या जंगलाजवळ वाढलेल्या माणसाला बीटेचं नाव काढलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. सरकारच्या परवानगीशिवाय त्या झाडाला कुणी हात लावत नाही. झालं, वनखात्याचा पास आणा.

पुढचे दोन दिवस मी वनखात्याच्या ऑफिसात. तिथल्या माणसाने मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, आम्ही ओंडके बघतो, फळ्या बघतो, हे तर वाद्य आहे. मी म्हटलं, मग हेच एका चिठ्ठीवर लिहून द्या. लिहून कशाला, तुम्ही तोंडी सांगा. ट्रान्सपोर्टवाल्याला तोंडी चालत नाही आणि यांना लिहून देता येत नाही. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटीस नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती आहेत हे मी घरी येऊन रात्री वाचलं आणि पोटात गोळा आला. सकाळी पुढचं वाचलं: तो करार एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालाला लागू, आणि नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं त्यातून वगळली आहेत. बेळगाव ते पुणे हा परदेश नाही. सीमाभागात राहून हे वाक्य कागदावर लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

या सगळ्यात गिटार कुठे होती? घरी, बंद खोक्यात, जूनच्या हवेत. मे महिन्यात खोलीतली आर्द्रता ४८ टक्के दाखवणारा काटा ८० च्या पुढे गेला होता. या लाकडाला ४५ ते ५५ मानवतं. त्याच्या वर फळी ओल पिते, फुगते, तारा उचलल्या जातात, जास्त दिवस गेले तर चिकटवलेले जोड सैल होतात. तीन वेळा मी सगळी चिकटपट्टी कापून खोका उघडला, केसमधल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या, पुन्हा बंद केला. काउंटरवरच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गिटारच आहे ना अक्कार, दूध नव्हे. त्याच्या त्या बोलण्याचा राग मला अजून येतो.

पुण्याच्या मुलाने एकदाही तगादा लावला नाही. त्यानेच सुचवलं की मी येऊन घेऊन जातो. हट्टाने मी नको म्हटलं. काही चूक नसताना माघार का घ्यायची, असं वाटत होतं. आता वाटतं, दोन दिवसांच्या वर अडकलं तर येऊ द्यावं.

सुटका केली ती एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता सीए आहे, टिळकवाडीत बसतो. मी गेले होते ई-वे बिल कसं काढायचं ते विचारायला. तो म्हणाला, 'बाई, सामान्य माणसालाही ते काढता येतं, पोर्टलवर त्यासाठी वेगळी सोय आहे. पण तुम्हाला ते लागतच नाही.' त्याने परिशिष्ट काढलं, सातव्या नोंदीखाली पेनाने रेघ मारली. दहा मिनिटं. फी घेतली नाही. त्यानेच साध्या कागदावर स्वघोषणा लिहून दिली: ही गिटार माझी स्वतःची आहे, अमुक साली घेतली, मी वापरली, व्यापारासाठी नाही, हिचं मूल्य ६८,०००. सोबत आधारची झेरॉक्स आणि कारागिराची मूळ पावती.

१९ तारखेला साहेब भेटले. उभ्या उभ्याच दोन्ही कागद वाचले.

'इष्टेनरी?' एवढंच का?

आणि सही केली. घड्याळ बघितलं मी, दोन मिनिटंही झाली नव्हती. बाहेर काउंटरवरचा पावती फाडत म्हणाला, 'हा कागद आधीच आणायचा ना मॅडम.' मला काहीच बोलता आलं नाही. गाडी दुसऱ्या दिवशी सुटली.

२१ च्या दुपारी पुण्यात खोका उघडला. त्याने व्हिडिओ कॉलवर उघडावा असं आधीच ठरलं होतं, म्हणजे काही निघालंच तर दोघांच्या समोर. बाहेरच्या खोक्याचा एक कोपरा चेपला होता. आतलं काही हललं नव्हतं. तारा वर चढवल्या तेव्हा स्वर टिकेना. मी घाबरले, पण नायलॉनचं तसंच असतं, बसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. २४ ला उरलेले ३८,००० आले आणि सोबत त्याने वाजवलेलं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. पाचवी तार माझ्या हाताखाली कधी एवढी मोकळी वाजली नव्हती.

एक सांगायचं राहिलं. पुठ्ठा फ्रिजच्या दुकानातून घ्या, तो दुहेरी असतो, आणि मागितला तर फुकट देतात. ६३० ची ऑर्डर मी बंगळूरला दिली आहे. या वेळी पावतीवर गिटारीच्या आतल्या लेबलवरचा क्रमांक लिहून द्या म्हणून कारागिराला आधीच सांगितलं आहे.