घसरलेलं काम आणि पहिले सात दिवस

२४ मे, नागपूर

उद्यापासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्यात या दिवसांत एकच घाई असते, मृग लागायच्या आत कारखान्यांच्या शेडवर पत्रे चढले पाहिजेत. वेळेवर चाललेली कामं यातून निभावतात. मागे पडलेली कामं मात्र याच पंधरवड्यात हाताबाहेर जातात, कारण प्रोजेक्ट मॅनेजर आधी धावतो आणि मोजतो नंतर. हा क्रम उलटा का हवा, ते आज सविस्तर लिहून ठेवतोय.

काम घसरल्याचं बार चार्टवर, म्हणजे वेळापत्रकाच्या तक्त्यावर, सगळ्यात शेवटी दिसतं. त्याआधी साइटवर दिसतं. एकच बाब तीन आठवडे ‘होतच आलीये’ म्हणून सांगितली जाते. छोटा ठेकेदार आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) लावण्याऐवजी ॲडव्हान्स मागतो. मुकादम सोमवारी बारा माणसांच्या जागी सात आणतो. सुधारित ड्रॉइंग येत नाही म्हणून जुन्यावरच सळई कापली जाते. यातल्या दोन गोष्टी एकाच आठवड्यात दिसल्या, तर महिनाअखेरच्या मीटिंगची वाट पाहू नये.

पहिले दोन दिवस फक्त मोजमाप. टेप आणि ड्रॉइंग घेऊन प्रत्येक गाळा (दोन फ्रेममधला भाग) पायी फिरायचा. ज्याचं बिल निघणार आहे त्याच्याकडून टक्का विचारायचा नाही. कॉलमची सळई बांधली, शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागलं, काँक्रीट बाकी आहे. हे काम किती झालं? अंदाजाने ‘सत्तर टक्के’ म्हणणारे खूप भेटतात. त्यापेक्षा वाटणी आधीच ठरवून टाकावी: सळईला ३०, शटरिंगला २०, काँक्रीटला ४०, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) आणि तपासणीला १०. टप्पा पुरा झाला तरच त्याचे गुण, अर्धवट टप्प्याला शून्य. आवारात पडलेलं लोखंड हा खर्च आहे, प्रगती नाही. अर्ध्याहून जास्त गोंधळ या एका चुकीतून होतो असं माझं ठाम मत आहे.

वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. १९८८ साली पायाभरणी झाली, मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता, पुढे खर्च हजारो कोटींत गेला. धरणाची भिंत उभी राहिली तरी कालव्यांची कामं मागेच राहिली. ज्याला भिंत मोजायची आहे त्याला काम झालेलं दिसतं. ज्याला शेतात पोचलेलं पाणी मोजायचं आहे त्याला दिसत नाही. शेडचंही तसंच. मालकाला मशीन बसवायचं आहे, म्हणून मोजमाप तिथून मागे यायला हवं.

मोजून झालं की गणित दहा मिनिटांचं आहे. समजा ४ कोटींचं काम, मुदत १० महिने, सहा महिने संपले. ठरल्याप्रमाणे २.४० कोटींचं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात झालं १.८० कोटींचं आणि त्यासाठी पैसे गेले २.२५ कोटी. म्हणजे वेग ठरलेल्याच्या ०.७५ पट आणि खर्चलेल्या रुपयामागे ८० पैशांचं काम. हीच चाल राहिली तर १० महिन्यांचे सव्वातेराच्या वर होतील आणि ४ कोटींचे ५. ‘पुढे भरून काढू’ म्हणणाऱ्यासाठी आणखी एक आकडा: २.२० कोटींचं काम उरलंय आणि शिल्लक पैसे १.७५ कोटी. ४ कोटींतच बसवायचं तर यापुढे प्रत्येक रुपयातून १ रुपया २६ पैशांचं काम निघालं पाहिजे. आजवर ८० पैशांचं निघतंय. नेमकं काय बदलणार आहे म्हणून ते निघेल? याचं उत्तर कागदावर लिहिता आलं नाही, तर जुनी तारीख कुणालाही सांगू नये.

तिसऱ्या दिवशी कारणं. रखडलेल्या प्रत्येक बाबीसमोर एकच शब्द लिहायचा: निर्णय, माल, माणसं किंवा पैसा. ढीग बहुतेक वेळा ‘निर्णय’ आणि ‘पैसा’ या दोन रकान्यांत साचतो, आणि ओरडा मात्र माणसांवर होतो.

सात दिवसांच्या आत हे मालकासमोर गेलं पाहिजे. एक पान. ‘थोडं मागे आहोत’ असं नाही, ‘साहेब, याच चालीने काम जानेवारीत संपेल आणि एक कोटी जास्त लागतील’ असं. सोबत पर्याय: मुदत वाढवणे, व्याप कमी करणे (कंपाउंडचं शोभेचं काम, ऑफिसचा वरचा मजला पुढच्या टप्प्यात), किंवा काम थांबवणे. आपली शिफारस कोणती आणि का, तेही लिहायचं. नवीन तारीख एकदाच द्यावी. दर महिन्याला पंधरा दिवस पुढे सरकवणाऱ्याचं तिसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही. आणि ज्या साइट इंजिनिअरने खरा आकडा सांगितला त्याला त्या दिवशी बोलणी बसली, तर पुढचा खरा आकडा मिळणार नाही.

आता घाईबद्दल. माणसं दुप्पट केली तरी जागा, मिक्सर आणि पाण्याचा टँकर तेवढेच राहतात. नागपूरच्या ४५ अंशांत सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चारनंतर एवढाच कामाचा वेळ खरा. दुपारी माणसं उभी करून वेग वाढत नाही, माणूस मात्र चक्कर येऊन पडतो. दिवस वाचवायला सगळ्यात आधी कात्री लागते ती क्युरिंगला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा हवा आणि मिश्र सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस, सहा मीटरपेक्षा लांब बीमचे २१ दिवस काढायचे नाहीत. हे दिवस उशिराच्या हिशेबात धरायचेच नाहीत.

वेळ वाचतो तो क्रम बदलून. समजा दहा गाळ्यांची शेड आहे. दहाही गाळे अर्धे ठेवण्यापेक्षा चार गाळ्यांवर छत पुरं करावं, म्हणजे पावसात खाली फ्लोअरिंग आणि वायरिंग चालू राहतं. उभारणी मात्र ब्रेसिंगच्या (तिरक्या आधारांच्या) गाळ्यापासूनच सुरू करायची आणि रोज संध्याकाळी मोकळ्या फ्रेमला तारेचे ताण द्यायचे. मान्सूनपूर्व वादळ सांगून येत नाही. छत्तीसगड, बालाघाटकडचे मजूर पहिल्या पावसाला पेरणीसाठी गावी जाणार, हे धरूनच जुलैचं वेळापत्रक करावं. जाण्याआधी त्यांचा हिशेब पूर्ण चुकता करावा. ज्यांचे पैसे अडकतात ते परतताना दुसरी साइट धरतात. पावसाळ्यात रेतीचा उपसा बंद असतो, तेव्हा तेवढी रेती आताच आवारात टाकलेली बरी.

आणि मालकाने थांबवायचं ठरवलं, तर तेही नीट करावं लागतं. उघडे फुटिंग (कॉलमच्या पायाचे खड्डे) पावसाआधी भरून घ्यायचे, कारण आपल्या काळ्या मातीत पाणी साचलं की तळ मऊ होतो आणि पुन्हा खोदावं लागतं. बाहेर आलेल्या सळयांना सिमेंटचा घट्ट हात आणि टोकांना टोप्या. पत्र्यांच्या थप्प्या दोराने बांधून, एका बाजूला उतार देऊन ठेवायच्या. ठेकेदारासोबत संयुक्त मोजमाप घेऊन दोघांच्या सह्या त्याच दिवशी, साइटवरच.