सीटीचा आकडा आणि वॉर्डातला आकडा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नागपुरातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच असे: छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी अमुक आला आहे, तर काळजीचे कारण आहे का? फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देऊन काढलेला हा आकडा धंतोली-रामदासपेठेत घरोघरी तोंडपाठ झाला होता. इंग्लंडमध्ये मी ज्या श्वसनविकार वॉर्डात काम करते, तेथे मात्र चर्चा दुसऱ्याच आकड्याची होत असे.

रुग्णालयात दाखल झालेला कोविड रुग्ण दगावण्याचा धोका सांगणाऱ्या त्या आकड्याला ‘फोर-सी’ स्कोअर म्हणतात. पहिल्या लाटेत ब्रिटनमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या ३५ हजारांहून अधिक कोविड रुग्णांच्या नोंदींवरून तो बांधला गेला, पुढच्या २२ हजार रुग्णांवर तपासला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वय, लिंग, आधीपासूनचे आजार, श्वासांची गती, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, रक्तातील युरिया आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) अशा आठ गोष्टींचे मिळून २१ गुण होतात. त्यांत सीटी नाहीच. वयाची ऐंशी ओलांडली की सात गुण, म्हणजे एक तृतीयांश, तेथेच जमा होतात.

श्वास मात्र सर्वांत दुर्लक्षित राहतो. मिनिटाला २० श्वासांना एक आणि ३० श्वासांना दोन गुण असले, तरी पुष्कळदा परिचारिका काय किंवा डॉक्टर काय, नुसत्या नजरेने ‘१८’ लिहून मोकळे होतात. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले, तर तोच रुग्ण २६ वर असल्याचे दिसू शकते. ऑक्सिमीटरवरही आंधळा विश्वास नको. ९२ च्या खाली आकडा गेला की दोन गुण मिळतात, पण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये हे यंत्र कमतरता लपवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट असल्याचे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील अभ्यासात आढळले होते, आणि आपणा सावळ्या लोकांनी ते ध्यानात ठेवलेले बरे.

युरियाची गंमत वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये तो मिलिमोलमध्ये मोजतात आणि सातच्या पुढे एक, चौदाच्या पुढे तीन गुण देतात. नागपूरच्या रिपोर्टवर तो मिलिग्रॅममध्ये असतो, त्यामुळे तेथे याच मर्यादा साधारण ४२ आणि ८४ होतात. एखाद्या काकाजींचा ३८ हा निर्धोक आकडा एकक न बदलता भरला, तर त्यांच्या खात्यावर फुकटचे तीन गुण चढतील.

मूळ अभ्यासात तीनपर्यंत गुण असलेल्यांपैकी सुमारे एक टक्का, नऊ ते चौदा गुणांच्या गटात ३१ टक्के आणि पंधरा किंवा त्याहून जास्त गुणांच्या गटात ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले. हे आकडे लशीच्या आणि डेक्सामेथासोनच्या सर्रास वापराच्या आधीचे आहेत. आज टक्केवारी तशीच धरणे चुकीचे ठरेल, धोक्याचा चढता क्रम मात्र बऱ्याच अंशी उपयोगी राहतो. शिवाय ३१ टक्के ही गटाची गोष्ट आहे, समोरच्या आजीबाई त्या ३१ मधल्या की उरलेल्या ६९ मधल्या, हे स्कोअर सांगत नाही. म्हणून फ्लूच्या हिवाळ्यातही वॉर्डात ‘न्यूज-टू’ हा श्वास, नाडी, रक्तदाब अशा नोंदींवरचा दुसरा स्कोअर पुन्हापुन्हा काढतात: तो पाचवर गेला की किमान तासाला एकदा तपासणी आणि सातवर गेला की सतत देखरेख, तीही अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांना कळवून.