चार महिन्यांचा ग्रेड २

गेल्या आठवड्यात मी कॅन्सरच्या औषधाच्या एका चाचणीतले दुष्परिणामांचे तक्ते तपासत होते आणि जुलाबाच्या ओळीपाशी अडले. एका रुग्णाला दोन दिवस ग्रेड ३ चे जुलाब (ग्रेड म्हणजे त्रासाची तीव्रता), सलाइन लागलं, मग थांबले. दुसऱ्या एका बाईंना ग्रेड २, पण सलग चार महिने. तक्त्यात पहिला रुग्ण 'गंभीर' रकान्यात ठळक दिसतो, बाई 'ग्रेड १-२' च्या गर्दीत हरवून जातात.

दुष्परिणामांची तीव्रता ठरवायच्या सीटीसीएई या मोजपट्टीत नेहमीपेक्षा दिवसाला ४ ते ६ वेळा जास्त जावं लागलं की ग्रेड २, ७ किंवा त्याहून जास्त वेळा झालं की ग्रेड ३. आणि प्रत्येक रुग्णाचा सर्वांत वाईट ग्रेड तेवढा मोजायचा, ही आमची रूढ रीत. केमोची मोजकी सायकल्स असत तोवर ती चालून गेली. आता गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि त्या तक्त्यात काळ कुठेच नाही. मला हे खरंच खटकतं.

तुलनाही फसते. नव्या औषधावर रुग्ण दहा महिने टिकले आणि जुन्यावर चार, तर नव्याच्या नावावर दुष्परिणाम जास्त पडणारच. म्हणून रुग्ण-महिन्यांनी, म्हणजे सगळ्या रुग्णांनी औषधावर काढलेल्या महिन्यांच्या बेरजेनं, भागून दर काढतात. पण त्यात धोका सगळा काळ सारखाच धरलेला असतो. मळमळ केमोनंतर पहिल्या काही दिवसांत येते, हातापायांच्या मुंग्या डोसागणिक साचत जातात; दोन्हींना एकच दर कसा लावायचा? शिवाय काही रुग्ण दुष्परिणाम होण्याआधीच दगावतात. काळानुसार धोका मोजायच्या कॅप्लन-मायर पद्धतीत त्यांना 'पुढे कधीतरी होऊ शकला असता' असं गृहीत धरलं जातं आणि धोका फुगतो. तिथे मृत्यूही हिशेबात धरणारी आलेन-योहान्सन पद्धत वापरायला हवी, यावर मी दरवेळी हटून बसते.

रुग्णांनी स्वतः भरायची प्रो-सीटीसीएई प्रश्नावलीही आहे, ७८ लक्षणांची. त्रास किती वेळा, किती तीव्र, कामात किती अडथळा, हे त्यांच्याच तोंडून कळतं. या चाचणीत ती नव्हती.

शेवटी मी तक्त्यासोबत एक चित्र काढलं: प्रत्येक रुग्णाची एक ओळ, प्रत्येक आठवड्याचा एक चौकोन, ग्रेडनुसार रंग. बाईंच्या ओळीत सतरा केशरी चौकोन आहेत. अठराव्या आठवड्यात ओळ संपते. उपचार थांबवण्याचं कारण म्हणून फॉर्मवर लिहिलंय: रुग्णाची इच्छा.