आज्जीचं क्रिएटिनिन

बाबांनी संध्याकाळी रिपोर्टचा फोटो पाठवला. क्रिएटिनिन 1.3, ठळक अक्षरांत. मागोमाग फोन. "जरा जास्त आलंय म्हणं. तुझाच विषय न्हवं ह्यो? काय असतंय ते?"

मी सांगायला लागले. स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट असतं, त्यातून क्रिएटिनिन तयार होत राहतं, रक्तात उतरतं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. व्हायवाला बसल्यासारखी बोलत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं बाळा. मग डॉक्टरांनाच इचारतो." जेवलीस का विचारलं आणि ठेवला.

रागानं म्हणाले नाहीत, टोमणाही नव्हता. म्हणूनच जास्त लागलंय.

गेल्या सेमिस्टरला आम्ही क्रिएटिनिन मोजायची याफेची रिअ‍ॅक्शन केली. पिक्रिक आम्लाचं पिवळं द्रावण, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, आणि क्रिएटिनिन असेल तसा चढत जाणारा नारिंगी रंग. 520 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, स्टँडर्ड ग्राफवर टेकवायचं. मूळ रिअ‍ॅक्शन 1886 सालची आणि दवाखान्यांच्या लॅबमध्ये अजून चालते. म्हणजे आज्जीचा 1.3 कसा निघतो हे मला अथपासून इतिपर्यंत माहीत आहे. घरच्यांना हवं होतं ते एवढंच, की आज्जीचं काय. ते मला सांगता आलं नाही.

क्रिएटिन फॉस्फेट 1927 मध्ये हार्वर्डला फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधलं. सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचा माणूस. फॉस्फरसचं एस्टिमेशन आम्ही अजून त्या दोघांच्याच पद्धतीनं करतो, तो मॉलिब्डेटचा निळा रंग. सुब्बारावांचा भाऊ स्प्रू या आतड्याच्या आजारानं गेला, आणि पुढं त्यांच्याच गटानं त्या आजारावर लागू पडणारं फोलिक अ‍ॅसिड बनवलं. पहिल्या वर्षाला हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, असं असतं तर हा विषय. घरातलं दुखणं आणि बाटलीतला रेणू, मध्ये एकच माणूस. पण ते आधी वैद्यकी शिकले होते. मी नाही. बारावीनंतर नीट परीक्षेचं जे झालं ते... जाऊ दे.

जेवताना मेसमध्ये गप्पच होते. बी.एस्सी. केमिस्ट्रीची, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीची, नेटला बसायचं लाइफ सायन्सेसमधून. केमिस्ट्रीवाल्या मैत्रिणींना मी तिकडची वाटते, बायोवाल्यांना इकडची. त्याचं काही नाही. पण घरी तरी कुणाला तरी माझं शिकलेलं उपयोगी पडावं असं फार वाटतं. आज ती वेळ आली आणि गेली, हेच डोक्यातून जाईना.

मग क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीची वही काढली. कॉक्रॉफ्ट-गॉल्ट, 1976, मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज काढायचं सूत्र. 140 मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले (72 गुणिले क्रिएटिनिन). बाई असेल तर वर 0.85 नं गुणायचं. आज्जी 78 वर्षांची, वजन 44 किलो. उत्तर आलं मिनिटाला 25 मिलिलिटरच्या आसपास. चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. तेच. मग गंगावेश तालमीतला 25 वर्षांचा, 95 किलोचा पैलवान मनाशी धरला, क्रिएटिनिन तेच 1.3. उत्तर 117.

आकडा तोच. पैलवानाच्या अंगात मांस भरपूर, म्हणून क्रिएटिनिनही भरपूर तयार होणार, त्याला 1.3 असलं तर काळजीचं कारण नाही. आज्जीच्या दंडाला आता मांस उरलंय कुठं? उन्हातान्हात उसाची भांगलण केलेले हात ते. तिच्या अंगात क्रिएटिनिन मुळात थोडंच होतं, आणि तेसुद्धा नीट बाहेर जात नाही म्हणून रक्तात एवढं साचलंय. 'जरा जास्त' नाही ते.

आणि गुडघ्यांच्या गोळ्या! मेडिकलमधून आणून घेत असते, विचारलं की म्हणते एखादीच. असल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन अंगात तयार होऊ देत नाहीत, आणि या वयात मूत्रपिंडाकडं रक्त नेणारी बारीक नळी मोकळी ठेवायला तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. ही यंत्रणा मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आलेय.

उशीर झाला होता तरी बाबांना फोन लावला. या वेळी रेणूंचं काही बोलले नाही. सांगितलं, डॉक्टरांना आज्जीचं वजन सांगा, ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात तो आकडा, किती येतो विचारा, आणि गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. बाबा म्हणाले, "थांब, लिवून घेतो." मागं कपाट उघडल्याचा आवाज, पेन मिळेना म्हणून आईला हाक. मग विचारलं, "वाईट हाय का गं?"

"ते डॉक्टर सांगतील बाबा. माझं गणित ढोबळ आहे."

संध्याकाळी ते जे म्हणाले तेच मीही म्हटलं, आणि या खेपेला ते मला कमीपणाचं वाटलं नाही. डॉक्टरांचं काम डॉक्टरांचंच. पण काय विचारायचं आणि काय सोबत न्यायचं, एवढं माझ्याकडून गेलं. भीती मात्र आहे. ती लिहीत नाही.

प्रोजेक्टचा विषय अजून ठरलेला नाही. याफेच्या पद्धतीत ग्लुकोज, व्हिटॅमिन सी, प्रोटीन हेही थोडाफार रंग देतात. क्रिएटिनिनेजची एन्झाइमवाली पद्धत जास्त चोख, पण किट महाग. ते परवडलं नाही तर निदान ठरावीक क्रिएटिनिनमध्ये ग्लुकोज वाढवत नेऊन आकडा किती चढतो ते बघता येईल. पिक्रिक आम्ल विभागात आहेच, पाण्याखाली ओलं ठेवलेलं, लॅबवाल्या मामांच्या कुलुपात. सोमवारी मॅडमना विचारते.